न मिळालेले सहा लाख

समजा, नागोठण्यात हप्ते थकले, बँकेची नोटीस आली आणि तळमजल्याचा फ्लॅट घाईघाईत 24 लाखांना विकला. सगळी रक्कम बँकेने गिळली. पण रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्ता म्हणतो, भाव 30 लाख! त्याला ना नोटीस दिसते, ना भिंतीवरची अंबा नदीच्या पुराची रेघ. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक माफ. इथे तो जास्त. मग आयकर कायदा विक्री 30 लाखांचीच धरतो. न मिळालेले सहा लाख विकणाऱ्याच्या भांडवली नफ्याच्या हिशेबात, आणि तेच सहा लाख घेणाऱ्याचं उत्पन्न! कोणाच्याच खिशात न पडलेला पैसा दोघांच्याही विवरणपत्रात. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच.