फाइलीची गोटमार

पोळ्याच्या करीला पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे गोटे. आमच्या घरी ही गोटमार बारमाही चालते. झेंड्याच्या जागी संत्र्याच्या बागेचा हिशेब, नदीच्या जागी क्लाउड. फरक इतकाच, की तिकडचा झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात तरी पोचतो.

सौंसरच्या संगणकावर मी, पांढुर्ण्याच्या लॅपटॉपवर धाकटा भाऊ. माघात एकदा नेट गेलं आणि दोघांनीही तीच फाइल आपापल्या जागी भरली. नेट परतलं तेव्हा एकीच्या दोन झालेल्या, दुसरीच्या नावाला ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं शेपूट. भावाचा फोन: “दादा, डुप्लिकेट दिसली, उडवून टाकली.” व्यापाऱ्याची उधारी त्या शेपटीवालीतच होती! पांढुर्ण्यात उडालेली फाइल सौंसरातही इमानदारीनं उडाली.

“पण क्लाउडवर बॅकअप होता ना?” असं सगळे विचारतात. अहो, सिंक म्हणजे आरसा. मिशी काढून आरशात पाहिलं तर आतली मिशी शाबूत राहते काय? मिशी जुन्या फोटोत सापडते. तो फोटो म्हणजे बॅकअप. क्लाउडची कचरापेटी 30 दिवस थांबली. आम्हाला आठवण झाली पाडव्याला.

थोरामोठ्यांचंही असंच. नोव्हेंबर 2023 मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या अ‍ॅपमधून लोकांच्या फाइली गायब झाल्या. कंपनीला त्या शोधून देणारी सोय वेगळी काढावी लागली. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी बाबूंचा 858 टेराबाइटचा क्लाउड जळाला. पसारा फार मोठा, म्हणून दुसरीकडे प्रतच ठेवली नव्हती म्हणे! आमचा हिशेब जेमतेम दोन एमबीचा. आमची सबब काय?

आता फाइल उघडण्याआधी एकमेकांना फोन करायचा, सिंक झाल्याची हिरवी खूण दिसल्याशिवाय लॅपटॉपचं झाकण मिटायचं नाही आणि शेपटीवाली फाइल दोघांनी मिळून वाचल्याशिवाय उडवायची नाही, असा तह झालाय. दर शनिवारी एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो आईच्या गोधड्यांच्या पेटीत जातो. तिथं नेट पोचत नाही, भाऊही नाही.

उधारी 42 हजार होती. जामसावळीच्या मारुतीची शपथ घेऊन व्यापारी अजून 24 च सांगतो.