जोडायला चौघे, काढायला कोणी नाही

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं तर ते पावसाच्या आत, हे ठाण्या-पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीला माहीत असतं. एप्रिलमध्ये कोटेशनं येतात, सर्वसाधारण सभेत वर्गणीवरून वाद होतो, मे उजाडतो आणि कंत्राटदार गच्चीवर एक फेरी मारून सांगतो, ‘‘आधी या वायरी हलवा. यांच्याखाली मी गॅरंटी देणार नाही.’’ त्याचं म्हणणं बरोबर असतं. कोबा फोडायचा, उतार नव्याने काढायचा, त्यावर रसायनाचे थर द्यायचे, तर मधोमध आडवी पडलेली केबल चालत नाही. आमच्या सोसायटीत गेल्या उन्हाळ्यात नेमकं हेच झालं. ब्रॉडबँडची जोडणी घेणं आज टपरीवर चहा सांगण्याइतकं सोपं आहे. तीच जोडणी दोन फूट सरकवायला किंवा काढून न्यायला सांगितलं, की सांगायचं कोणाला इथपासून अडचण सुरू होते.

गच्चीवर काय होतं ते आधी सांगतो. पाण्याच्या टाकीच्या खांबाला जीआय तारेने आवळलेला काळा प्लास्टिकचा डबा, झाकणाचं एक बिजागर तुटलेलं, आत फायबरची वेटोळी आणि त्यांच्यात पालीची अंडी. शेजारी गंजलेली लोखंडी पेटी. तिच्यात एक बंद पडलेला स्विच आणि पोट फुगलेली बॅटरी. पेटीतून निघालेली वायर लिफ्टच्या खोलीतल्या बोर्डाला जोडलेली होती, म्हणजे वीज सोसायटीच्या कॉमन मीटरची. पेटीवर कोणत्याही कंपनीचं नाव नाही, फोन नंबर नाही, साल नाही. कठड्यावरून खाली उतरणाऱ्या काळ्या केबल ड्रेनेजच्या पाइपला बांधलेल्या. त्यातल्या काही कोणाच्या तरी खिडकीत जात होत्या, काही दुसऱ्या मजल्यावर नुसत्याच लोंबत होत्या.

हा पसारा कसा साठला, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी घरोघरी इंटरनेट यायचं ते तांब्याच्या लॅन केबलमधून. ती केबल शंभर मीटरच्या पुढे नीट चालत नाही, म्हणून जवळपास प्रत्येक इमारतीवर स्विच बसवावा लागे, आणि स्विचला वीज लागे. मग फायबर घरापर्यंत आलं. फायबरच्या पद्धतीत इमारतीवर बसतो तो स्प्लिटर. तो येणारा प्रकाश सोळा किंवा बत्तीस घरांत वाटून देतो आणि त्याला वीज लागत नाही. जुन्या पेट्यांचं काम तिथेच संपलं होतं. त्या उतरवल्या गेल्या नाहीत, कारण उतरवण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात नव्हता. अनेक ठिकाणी वायरमन पोराला पैसे मिळतात ते नव्या जोडणीमागे. जुनी केबल गोळा करण्याचे त्याला कोणी देत नाही. त्यामुळे भाडेकरू बदलला की नवी केबल येते, कंपनी बदलली की नवी केबल येते, आणि जुनी होती तिथेच राहते.

‘‘मग कापून टाका ना!’’ सभेत हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. मी त्याला ठाम विरोध केला आणि आजही करतो. फायबरमधून जाणारा प्रकाश १३१० आणि १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, म्हणजे अवरक्त. तो डोळ्यांना दिसत नाही. चालू फायबर आणि मेलेलं फायबर शेजारी ठेवलं तरी वरून काडीचाही फरक कळत नाही. कापलेली केबल नेमकी तिसऱ्या मजल्यावर घरून काम करणाऱ्या माणसाची निघाली, किंवा आमच्या गच्चीवरून पलीकडच्या इमारतीला गेलेली मुख्य केबल निघाली, तर? तांब्याची वायर पिळून, टेप लावून तात्पुरती जोडता येते. फायबर जोडायला स्प्लायसिंगचं मशिन लागतं, आणि ते मशिन ज्याच्याकडे आहे तो माणूस त्याच्या सवडीने येतो. नावाची एक साधी पट्टी केबलवर असती, तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून रीतसर मार्गाने जायचं ठरलं. ज्या कंपन्यांची नावं रहिवाशांच्या बिलांवर होती त्यांना फोन लावले. पलीकडचा पहिला प्रश्न सगळीकडे एकच, ‘‘आपला रजिस्टर्ड मोबाइल नंबर?’’ सोसायटीचा असा नंबर नाही, कारण सोसायटी त्यांची ग्राहक नाही. ज्या गच्चीवर त्यांचा डबा आहे त्या गच्चीची मालक ती आहे. ही गोष्ट फोनवरच्या मुलीला समजत होती. तिच्या समोरच्या संगणकाला ती नोंदवता येत नव्हती. ग्राहक क्रमांकाशिवाय तक्रारच घेता येत नाही, असं तिने अगदी नम्रपणे सांगितलं. तिच्यावर माझा राग नाही. ज्यांनी ती यंत्रणा बनवली, त्यांनी इमारतीच्या मालकाचा विचारच केला नाही, याचा राग आहे.

मग एका रहिवाशाच्या नंबरवरून तक्रार केली. ‘शिफ्टिंग’ हा पर्याय निवडावा लागला. त्यांच्या लेखी शिफ्टिंग म्हणजे ग्राहकाने घर बदलणं. त्यामुळे संध्याकाळी त्या रहिवाशालाच फोन, ‘‘नवीन पत्ता सांगा, सर.’’ त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की तक्रार सोडवली आहे, आता आमच्या सेवेला गुण द्या. गच्चीवर कोणीही आलेलं नव्हतं. न केलेल्या कामाची तक्रार परस्पर बंद करणं हा खोटेपणा आहे, आणि त्याला दुसरं नाव देण्याची मला गरज वाटत नाही.

शेवटी एक पोरगा आला. पाठीवर बॅग, हातात पेनासारखी लाल लेझरची टॉर्च. त्याने डबा उघडला, पालीची अंडी हाताने बाजूला केली, एकेक कनेक्टर काढून टॉर्च लावून पाहिली आणि म्हणाला, ‘‘काका, या दोन आमच्या. बाकीच्या कोणाच्या आहेत माहीत नाही. पेटी आमची नाही.’’ आपल्या दोन केबल त्याने तिथल्या तिथे उचलून कठड्याच्या वरून बांधून दिल्या. काम मोजून अर्ध्या तासाचं. पोरगं कामाला चोख होतं, त्याला चहा पाजला. एवढं छोटं काम घडवून आणायला आमच्या सेक्रेटरींनी जी माणसं, जे फोन आणि जे अर्ज खर्ची घातले, त्याला काय म्हणायचं?

उरलेल्या केबल आणि ती लोखंडी पेटी मात्र तशीच. एका कंपनीने सांगितलं, ते फ्रँचायझीचं आहे. फ्रँचायझीवाल्याने सांगितलं, ‘‘मी हा एरिया आता घेतलाय, आधीच्याचं मला माहीत नाही.’’ आधीचा केबलवाला धंदा सोडून गावी गेलेला. कंत्राटदाराने पेटीभोवतीचा भाग सोडून बाकीच्या गच्चीचं काम पूर्ण केलं आणि गॅरंटीच्या कागदावर तेवढा तुकडा वगळल्याचं लिहून दिलं. जुलैत त्या तुकड्याच्या बरोबर खाली, वरच्या मजल्यावरच्या आजींच्या देवघराच्या भिंतीला ओल आली. त्या आजींच्या घरी इंटरनेटच नाही.

आता कायदा. १८८५ च्या भारतीय तार कायद्यात, इंग्रजांच्या राज्यात, कलम १७ होतं. तुमच्या जागेवर तारेची लाइन किंवा खांब उभा असेल आणि तुम्हाला त्या जागेचा असा काही उपयोग करायचा असेल की तो हलवणं गरजेचं किंवा सोयीचं ठरेल, तर तो हलवा असं तुम्ही तार खात्याला सांगू शकत होता. खात्याने ऐकलं नाही तर थेट जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येत होता. म्हणजे जागेच्या मालकाला असा हक्क असायला हवा, हे तेव्हाच्या कायदा लिहिणाऱ्यालाही सुचलं होतं. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. त्याची मार्गाधिकाराची कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली आणि त्याखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून. खासगी जागेवर काही बसवायचं असेल तर कंपनीने जागेच्या मालकाकडे अर्ज करायचा, अटी ठरवून करार करायचा, अशी त्यात तरतूद आहे. जागा वापरण्यापलीकडे कंपनीला त्या जागेवर कोणताही हक्क मिळत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. आमच्या गच्चीवरच्या पेटीचा अर्ज, करार, साधं पत्रसुद्धा सोसायटीच्या फायलीत सापडलं नाही. तेव्हाच्या वॉचमनला सांगून कोणीतरी वर गेलं आणि पेटी ठोकून आलं.

तक्रारीसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, २०१२ ची नियमावली आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यायचा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. व्यवस्था चांगली आहे, ग्राहकांनी ती जरूर वापरावी. पण ती ग्राहकासाठी आहे. भिंत ज्याची आहे आणि कनेक्शन ज्याचं नाही, त्याने कुठे जायचं? सोसायटीने वकिलाची नोटीस पाठवायची म्हटलं तर ती कोणाच्या नावाने, हाही प्रश्न आहे. पेटीवर नावच नाही.

घरातल्या डब्याची गोष्ट याहून वेगळी नाही. कनेक्शन बंद केलं की राउटर कंपनीला परत द्यायचा असतो, न दिल्यास त्याचे पैसे लागतात. घ्यायला मात्र कोणी येत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान वारले. कनेक्शन त्यांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या नंबरवर, आणि तो नंबर बंद केलेला. मृत्यूचा दाखला देऊनसुद्धा थकबाकीचे मेसेज मुलीच्या फोनवर येत राहिले. राउटर अजून त्यांच्या टीव्हीच्या कपाटावर आहे. ज्या माणसाच्या घरात दुःख आहे त्याच्याशी असं वागू नये, एवढी साधी समज एखाद्या यंत्रणेत असायला काय हरकत आहे?

हे लहानसहान आहे, असं मला सांगितलं जातं. लोकांना रस्ते नाहीत, पाणी नाही, आणि तुम्ही केबलचं काय घेऊन बसलात? पण तीस वर्षं जुन्या इमारतींची शहरं आहेत आपली. कुठे गळती थांबवायची असते, कुठे प्लास्टर काढून रंग द्यायचा असतो, कुठे पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करायची असते. प्रत्येक वेळी हेच डबे आणि हीच वेटोळी वाटेत येतात, आणि प्रत्येक वेळी एखादा सेक्रेटरी, जो बहुधा निवृत्त असतो आणि हे काम फुकट करतो, फोनवर रजिस्टर्ड नंबर सांगत बसतो.

कंपन्यांकडे माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. आपल्या प्रत्येक डब्यावर आणि केबलच्या दोन्ही टोकांना नाव, फोन नंबर आणि बसवल्याचं साल लिहा. आणि हेल्पलाइनवर ग्राहक नसलेल्या जागामालकाची तक्रार घेण्याची सोय करा.

सोसायट्यांना मात्र कंपन्यांची वाट बघायचं कारण नाही. पुढच्या वेळी कोणीही गच्चीवर काही बसवायला आला, तर तोंडी परवानगी देऊ नका. कागद करा. त्यात चार वाक्यं असू द्या: वीज वेगळ्या सब-मीटरवरून घ्यावी, सामान कुठे बसवलं त्याचा नकाशा द्यावा, सोसायटीने लेखी कळवल्यावर १५ दिवसांत स्वखर्चाने हलवावं, आणि सेवा बंद झाल्यावर ३० दिवसांत काढून न्यावं, न नेल्यास सोसायटी ते अनामत रकमेतून उतरवेल. अनामत आधी घ्या, शिडीला हात नंतर लावू द्या.