निविदावाचक

नागपुरात, धरमपेठेपासून महालापर्यंत, वर्तमानपत्र मागून उघडणारा जो सेवानिवृत्त गृहस्थ हमखास आढळतो, तो निविदावाचक होय. पहिल्या पानावरच्या मंत्र्याच्या छायाचित्रावर चष्म्याचे घर ठेवून तो आतल्या पानांतील निविदा, म्हणजे कंत्राटदारांकडून दर मागवणाऱ्या सरकारी सूचना, भिंग लावून वाचतो. त्याचा सिद्धान्त असा की, "नेता बोलते ते बातमी, अन् सरकार करते ते टेंडर." याचे मूळ आणीबाणीत आहे, कारण जून १९७५ नंतर बातम्यांवर सेन्सॉरची कात्री चालू लागली तरी खडी-डांबराच्या सूचना अक्षत छापून येत, असे तो शपथेवर सांगतो. पंतप्रधानांची घोषणा असो की भाचीचे लग्न ठरल्याची वार्ता, "टेंडर निघालं काय?" हाच त्याचा पहिला प्रश्न.

त्याचा हंगाम विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरावे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. त्यामुळे मंत्री येण्यापूर्वी रामगिरी व रविभवन या त्यांच्या निवासस्थानांच्या रंगरंगोटीची सूचना आली, की तो जुन्या कात्रणांची वही काढून त्याच भिंतींना आजवर किती रंग बसला याचा हिशेब मांडतो. दांडेकर समितीने १९८४ साली मोजलेल्या अनुशेषावर, म्हणजे मागास भागांच्या विकासाच्या थकबाकीवर, सभागृहात भाषणे झाली, तरी त्याचा प्रश्न बदलत नाही.

त्याच्या नातवाचाही सत्तेवर विश्वास नाही, परंतु हा अविश्वास अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये आटोपतो; "सगळे सारखेच" असे म्हणून अंगठा पुढे सरकतो. आजोबांचा अविश्वास मात्र कष्टाळू आहे, त्याला तारीख, रक्कम आणि कामाचे नाव लागते. अलीकडे छापील सूचना आखडून तपशील ई-निविदेच्या संकेतस्थळावर गेल्याने हा कष्टाळूपणा पासवर्डपाशी अडतो, आणि ज्या मोबाइलला कालपर्यंत "डबडं" म्हटले, त्याच्या मालकाची मनधरणी करावी लागते. नातू कुरकुरत संकेतस्थळ उघडतो. हळूहळू त्यालाही चटक लागते आणि एखाद्या रात्री निविदेची मुदत गुपचूप वाढवणारे शुद्धिपत्रक तोच आधी हुडकतो. पडद्यावरचे रातोरात बदलते, म्हणून आजोबा त्याची प्रत छापून आणायला लावतात, वहीत चिकटवतात, आणि जिथे वर्तमानपत्राचे नाव लिहायचे तिथे नातवाचे नाव घालून पुढे कंसात 'पडताळणी बाकी' अशी नोंद करतात.