परिचारिकेची कंबर: एक अपूर्ण अभ्यास

शुश्रूषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रुग्ण आणि परिचारिका हे दोन स्वतंत्र वर्ग मानलेले असून, पहिल्याने दुखत पडून राहावे आणि दुसऱ्याने कुठे दुखते ते विचारीत फिरावे, अशी श्रमविभागणी त्यांत गृहीत धरलेली असते. हे दोन्ही वर्ग एकाच देहात नांदू लागले तर काय होते, याचा ऊहापोह त्यांत सहसा आढळत नाही. आणि ज्यांच्या देहात ते नांदतात त्यांना असा ऊहापोह करण्याची सवड, तसेच सलग अर्धा तास टेकता येईल अशी खुर्ची, क्वचितच लाभते. या उपेक्षित विषयाची मांडणी प्रस्तुत लेखात चौक या गावाच्या आधारे केली आहे. खालापूर तालुक्यातील हे गाव जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर, पनवेल–कर्जत लोहमार्गालगत आणि इर्शाळगडाच्या परिसरात वसलेले असल्यामुळे येथील दुखणी रस्त्यावरून, रुळांवरून, गडावरून आणि भातखाचरांतून अशी चहूबाजूंनी येतात, आणि त्या सर्वांना सामोरी जाणारी परिचारिका स्वतःचे एक दुखणे घरूनच घेऊन आलेली असते. (ती कोणत्या दवाखान्यात नोकरीला आहे, हे येथे मुद्दाम सांगितलेले नाही, तिला अजून निवृत्तिवेतन मिळायचे आहे.)

दीर्घकालीन वेदना म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना, अशी वैद्यकाची रूढ व्याख्या आहे. या व्याख्येत बसण्यासाठी वेदनेला काहीच करावे लागत नाही, नुसते न जाणे पुरते. शासकीय सेवेत कायम होण्याच्या अटी याहून कितीतरी कडक आहेत. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने १९६८ मध्ये असा दंडक घालून दिला की, रुग्ण जिला वेदना म्हणेल ती वेदना, आणि तो म्हणेल तेव्हा ती असतेच. परिचर्येच्या परीक्षेत हा दंडक लिहिला की गुण मिळतात. मात्र तो रुग्णांपुरता आहे, गणवेश चढवलेल्या व्यक्तीला लागू नाही, असा त्याचा अर्थ सहकाऱ्यांनी, वरिष्ठांनी आणि सर्वांच्या आधी खुद्द परिचारिकेने लावलेला असतो. दुसऱ्याच्या दुखण्यावर पुरावा न मागता विश्वास ठेवण्याचे रीतसर शिक्षण घेतलेली ही बाई स्वतःच्या कंबरेची मात्र सदैव उलटतपासणी घेत असते: काल एवढे दुखत नव्हते, मग आज का, रविवारी नणंदेच्या लग्नात दिवसभर उभे राहवले, मग सोमवारीच काय झाले.

वेदना मोजण्यासाठी शून्य ते दहा अशी पट्टी वापरतात. शून्य म्हणजे मुळीच वेदना नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी कमाल वेदना. ही पट्टी जेथे तयार झाली तेथील रुग्ण आकडा सांगून मोकळे होत असावेत. चौकच्या परिसरात ‘दहापैकी किती?’ हा प्रश्न शाळेच्या आठवणी जागवतो, आणि तपासणाऱ्याकडे जास्त गुण मागणे बरे दिसत नाही म्हणून, कोयत्याने पाय कापून आलेला मनुष्यही ‘द्या पाच-सहा’ असे म्हणून संकोचाने मान खाली घालतो. तेच आकडा बाजूला ठेवून ‘कसं दुखतं?’ एवढेच विचारले, तर ठणका, कळ, चमक, ठसठस, उसण, पेटका असा सविस्तर अहवाल मिळतो, आणि कळ कुठून निघते, कुठवर उतरते व तिच्यापायी कोणकोणती कामे खोळंबली आहेत, ही माहितीही त्यात न मागता येते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची ७८ वर्णने २० गटांत लावून एक प्रश्नावली सिद्ध केली. येथील आजीबाईंना तिची गरज कधी भासलेली नाही. ऐकता ऐकता परिचारिका आकडा ठरवते आणि केसपेपरवर लिहिते. स्वतःचा आकडाही तिला ठाऊक असतो, रात्रपाळीच्या उत्तरार्धात तो बहुधा सात असतो; परंतु ड्यूटी रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही, आणि ज्याला रकाना नाही ते घडलेलेच नसते, हे दप्तरी कामाचे मूलतत्त्व आहे.

या दुखण्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या सूत्रानुसार, सगळी परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. आणि रुग्णाला धरायला कड्या नसतात, शिवाय तो ऐन वेळी घाबरून गळ्यात पडतो, हे ध्यानात घेऊन थॉमस वॉटर्स या संशोधकाने २००७ मध्ये रुग्णांपुरती ही मर्यादा सुमारे १६ किलोवर आणली. १६ किलोचे रुग्ण फक्त मुलांमध्ये सापडतात, आणि ते उचलून घ्यायला तयार नसतात. उरलेल्यांसाठी चादरीची पद्धत आहे: रुग्णाखालची चादर चार जणांनी चार कोपऱ्यांना धरायची आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून त्याला स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचे. थोरला मुलगा उत्साहाने ‘दोन’लाच उचलतो, जावई, ‘तीन’ म्हणताना उचलायचे की म्हणून झाल्यावर, याचा विचार करीत राहतो, मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एक हात मोबाइलसाठी राखून ठेवतो, आणि हे तिघे तीन वेगवेगळ्या मुहूर्तांवर कामाला लागत असताना रुग्णाचा सगळा भार चौथ्या कोपऱ्यावर येतो. तो कोपरा कोणाच्या हातात असतो, हे सांगायला नको. कण्याच्या मणक्यांमध्ये ज्या लवचीक चकत्या असतात त्यांतली एखादी अशा वर्षानुवर्षांच्या ‘तीन’नंतर बाहेर फुगते आणि शेजारची नस दाबते, त्यामुळे कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत उतरते, तिला सायटिका म्हणतात. तिचे निदान एमआरआयने होते असे शास्त्र सांगते. टमटमच्या मागच्या बाकावर बसून गावातल्या गतिरोधकांवरून गेले असता ते फुकटात होते, आणि अहवालही थांबावे न लागता मिळतो.

उपचारांत पहिला मान कंबरपट्ट्याचा. हा रुंद, पट्ट्यांनी ताठ केलेला व वेल्क्रोने बंद होणारा आधार गणवेशाखाली बांधला की कणा सरळ राहतो आणि चालण्याला आपोआप एक अधिकारी वळण येते. रात्री तीनच्या सुमारास, पंखे तेवढे फिरत असताना, टेबलाशी बसलेली परिचारिका उठण्यापूर्वी हा पट्टा सोडून पुन्हा आवळते, तेव्हा त्याचा चर्रर्र असा आवाज वॉर्डाच्या पार टोकापर्यंत जातो. त्या आवाजासरशी, रुग्णाच्या खाटेवर पाय पसरून झोपलेले नातेवाईक डोळे न उघडता खाली उतरतात व जमिनीवर गाढ झोपी जातात. कोणत्याही परिपत्रकाने जी शिस्त लागली नव्हती ती सातशे-आठशे रुपयांच्या पट्ट्याने लावली, याची नोंद प्रशासनाने घ्यायला हरकत नाही.

वेदना भोगल्याने माणूस दयाळू होतो, असा समज साहित्यात रूढ आहे. तो बहुधा निरोगी पाठीच्या लेखकांनी रूढ केला असावा. चौकच्या परिचारिकेच्या बाबतीत जे दिसते त्याला दया म्हणण्यापेक्षा काटकसर म्हणणे योग्य ठरेल. ती वाकत नाही, एक गुडघा टेकून बसते. शीर शोधताना ती अशी खाटेपाशी बसली की नवख्या रुग्णाला तो आपला सन्मान वाटतो, आणि शीर मात्र खरोखरच पहिल्या टोचणीत सापडते, कारण दुसऱ्यांदा गुडघा टेकण्याची तिची तयारी नसते. खालच्या फळीवरची औषधे तिने केव्हाच कंबरेच्या उंचीवर आणलेली असतात, आणि तपासणीला आलेले अधिकारी या सुव्यवस्थेबद्दल शेरेवहीत दोन बऱ्या ओळी लिहून जातात. कंबर धरलेल्या बाईच्या गुडघ्यांखाली ती न सांगता उशी सरकवते, ‘थोडंसंच दुखेल’ असे खोटे बोलत नाही, आणि चपला घालून पावसात इर्शाळगडावर रील काढायला गेलेल्या व घोटा मुरगळून आलेल्या पोराशी फार गोड वागतही नाही. दुखणाऱ्याला आडवे व्हायला खाट मिळते, या गोष्टीचा तिला वाटणारा हेवा परिचर्येच्या कुठल्याच शपथेत बसण्यासारखा नाही.

तिने आपले दुखणे बोलून दाखवू नये, अशी व्यवस्था मात्र सभोवतालच करून ठेवते. कोकणातला लाल विंचू डसलेला, घामाने थबथबलेला माणूस शेजारच्या खाटेवर असताना कंबरेचा विषय काढता येत नाही. महामार्गावरून आलेल्या जखमींसमोर तर नाहीच. आणि ज्या परिसराने १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड पाहिली, तेथे स्वतःच्या दुखण्याचे नाव घेताना आवाज खाली येतो, यात विनोदाचा भाग काही नाही.

वास्तविक या व्यवसायाचा पायाच एका दुखणाईत बाईने घातलेला आहे. क्रिमियाच्या युद्धातून १८५६ मध्ये परतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुढच्याच वर्षी कोलमडली, आणि त्यानंतरची बरीच वर्षे पाठीच्या असह्य वेदनांमुळे तिला अंथरुणातच काढावी लागली. क्रिमियात जडलेला ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांच्या कच्च्या दुधावाटेही होणारा चिवट ज्वर, हे त्याचे कारण असावे असे काही अभ्यासक मानतात. परिचर्येवरचे तिचे विख्यात पुस्तक १८५९ चे, लंडनची परिचारिका-शाळा १८६० ची, आणि हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्यावरील जंगी अहवाल १८६३ चा. म्हणजे जगभरच्या परिचारिकांनी कसे उभे राहावे, हे तिने मुख्यत्वे पडून ठरवले, आणि हिंदुस्थानात पाऊल न टाकता येथल्या गटारांची झाडाझडती घेतली. ती ९० वर्षे जगली. तिच्या वारसांना तिचा दिवा मिळाला, पलंग मिळाला नाही. दरवर्षी १२ मे रोजी, तिच्या जन्मदिनी, परिचारिका दिन साजरा होतो तेव्हा प्रतिमेचे टेबल नेमके गुडघ्याच्या उंचीचे असते, हार घालायला वाकावे लागते, आणि प्रमुख पाहुणे परिचारिकांच्या त्यागावर बोलत असताना त्यागमूर्ती मागच्या ओळीत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलत उभ्या असतात.

कायद्याकडे दाद मागावी तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत, त्यांत दीर्घकालीन वेदना नाही. रजा घ्यावी तर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि ‘रुग्णास पूर्ण विश्रांतीची आवश्यकता आहे’ हे वाक्य इतरांच्या कागदांवर इतक्यांदा वाचून झालेले असते की स्वतःच्या कागदावर ते खोटे वाटू लागते. उरते ती गोळी. डायक्लोफिनॅक हे नित्याचे वेदनाशामक जनावरांना दिले गेले आणि त्या जनावरांची कलेवरे खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, म्हणून त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. याच रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यात, उरल्यासुरल्या गिधाडांना जगवण्याचे प्रयत्न झाले आहेत. माणसांच्या मूत्रपिंडांनाही ही गोळी फार दिवस मानवत नाही, हे परिचारिका रोज कोणाला ना कोणाला समजावून सांगते, आणि आपली गोळी अर्धी मोडून घेते.

गावाचे औषधशास्त्र याहून उदार आहे. निर्गुंडीचा पाला, तापवलेल्या विटेचा शेक, डब्यातून येणारे डिंकाचे लाडू, हे सर्व रुग्णांकडूनच सिस्टरांना पोचते, आणि त्यांत शेवटचा अक्सीर उपाय म्हणून पायाळू सुचवला जातो. जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेली व्यक्ती ती पायाळू. तिने कंबरेत लाथ घातली की उसण निघून जाते, अशी महाराष्ट्रभर श्रद्धा आहे. या उपचाराची अडचण तत्त्वाची नसून पुरवठ्याची आहे. दिवस भरल्यावर जेमतेम ३ ते ४ टक्के बाळे पायाळू स्थितीत असतात, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर अशा बाळांना शस्त्रक्रियेनेच बाहेर काढण्याकडे जगभर कल वाढला. पोट उघडून काढलेल्या बाळाला कोणती बाजू आधी आली म्हणायची, आणि त्याच्या लाथेला गुण असतो की नसतो, यावर परंपरेने अद्याप निर्णय दिलेला नाही.

अशा गर्भवतीला सहसा वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठवतात. परंतु डोंगरातल्या वाडीवरून यायलाच उशीर झाला आणि बाळाचे पाय आधीच दिसू लागले, तर डॉक्टरांसह परिचारिकेला जागच्या जागी उभे राहावे लागते, म्हणजे प्रत्यक्षात वाकावे लागते, तेही अस्थिरोगतज्ज्ञाने तिला कायमच्या वर्ज्य सांगितलेल्या काटकोनात. बाळ एकदाचे रडते, वजन होते, दुपट्यात गुंडाळले जाते. दाराशी ताटकळलेली आजी आधी नातवाचे पाय पाहते, मग भिंतीला टेकून पट्टा आवळणाऱ्या सिस्टरकडे पाहते, आणि उपकाराची फेड तिथल्या तिथे जाहीर करते: ‘सिस्टर, याला जरा उभा राहू द्या. पहिली लाथ तुम्हाला.’