नुसतं 'चालू झालं' म्हणून पैसे देऊ नका

गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. "अरे, संगणक चालू झाला, पण माझी पत्रं गेली."

मामा गावातल्या वाचनालयाचे अनेक वर्षं कार्यवाह होते. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये त्यांचा २००८ पासूनचा सगळा पत्रव्यवहार होता. व्याख्यानाला येऊन गेलेल्या लेखकांची पत्रं, देणगीदारांच्या याद्या, परदेशी गेलेल्या मुलीचा पहिल्या हिवाळ्यातला मेल, सगळं तिथे. त्यांचं खातं जुन्या 'पॉप' पद्धतीचं. म्हणजे मेल सर्व्हरवरून घरच्या संगणकावर उतरायचा आणि काही दिवसांनी सर्व्हरवरून पुसला जायचा. एकच प्रत, तीही मामांच्या टेबलावर.

मेल उघडायला वेळ लागतो म्हणून त्यांनी संगणक दुकानात नेला. तिथे नवी डिस्क बसवली, विंडोज नव्याने टाकली, थंडरबर्डही घालून दिला. "मेल सर्व्हरवर असतात काका, आपोआप येतील," असं सांगून पैसे घेतले. आले ते गेल्या चार दिवसांचे.

मामांनी एक शहाणपणा केला होता. जुनी डिस्क मागून घेतली होती. तिच्यात सगळं सापडलं.

या आठवड्याचं सदर त्या डिस्कवर आहे. कारण ही चूक एका दुकानाची नाही. संगणक दुरुस्त झाला की नाही, हे आपण सगळेच 'चालू झालं का?' या एकाच प्रश्नावर ठरवतो.

*

थंडरबर्ड आणि फायरफॉक्स या एकाच घरातल्या दोन वस्तू. दोघांची १.० आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली, फायरफॉक्सची नोव्हेंबरात आणि थंडरबर्डची डिसेंबरात. दोघांची मांडणीही सारखी आहे. प्रोग्राम एका जागी राहतो आणि तुमचा ऐवज दुसऱ्या. त्या दुसऱ्या जागेचं नाव 'प्रोफाइल'. मेल, पत्ते, पासवर्ड, बुकमार्क, सगळ्या सेटिंग या एका फोल्डरमध्ये असतात. विंडोजमध्ये तो 'अ‍ॅपडेटा' नावाच्या फोल्डरच्या पोटात असतो, आणि अ‍ॅपडेटा नेहमीच्या नजरेला दिसतच नाही, कारण विंडोज तो लपवून ठेवते. प्रोफाइलच्या नावाची सुरुवात असते आठ अर्थहीन अक्षर-अंकांनी. अठरा वर्षांची पत्रं अशा फोल्डरात राहतात, ज्याचं नाव मालकाने कधी वाचलेलंही नसतं.

इथेच सगळ्यात लोकप्रिय उपाय फसतो. "काढून परत टाकू." प्रोग्राम काढला तरी प्रोफाइल जागेवर राहतं. नवा प्रोग्राम येतो आणि तेच प्रोफाइल उचलतो. दुखणं प्रोफाइलमध्ये असेल, तर ते जसंच्या तसं परत भेटतं. मग धीर सुटतो आणि डिस्क फॉरमॅट होते. तेव्हा मात्र दुखणं जातं, आणि प्रोफाइलही जातं. पहिला उपाय निरुपयोगी, दुसरा घातक. दोन्ही करणाऱ्याला प्रोफाइल कुठे आहे हे ठाऊक नसतं.

ठाऊक करून घ्यायला एक मिनिट लागतं. दोन्ही प्रोग्रामांत मदतीच्या मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनचं पान आहे. त्यावर 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ आणि शेजारी फोल्डर उघडायचं बटण. आजच दाबून बघा.

*

मामांचा मेल मुळात मंद का झाला होता? थंडरबर्डमध्ये इनबॉक्स ही सहसा एकच लांबलचक फाइल असते. आलेलं प्रत्येक पत्र तिच्या शेवटी जोडलं जातं. तुम्ही एखादं पत्र पुसता तेव्हा त्यावर फक्त 'पुसलं' अशी खूण होते. मजकूर फाइलीत तसाच राहतो. 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा दिली की तो खरोखर बाहेर पडतो. मामांनी वर्षानुवर्षं जाहिराती इमानाने पुसल्या होत्या. त्या सगळ्या आत होत्या.

या लांब फाइलीला एक अनुक्रमणिका असते, '.एमएसएफ' या शेपटीची. ती बिघडली की पत्रं गायब झाल्यासारखी दिसतात, किंवा एका पत्रावर टिचकी मारली तर भलतंच उघडतं. माणूस घाबरतो. पत्रं मात्र शाबूत असतात, बिघडलेली असते ती यादी. फोल्डरवर उजवी टिचकी मारून गुणधर्मांत 'रिपेअर फोल्डर' म्हटलं की यादी नव्याने तयार होते.

आणि एखाद्या विस्तारामुळे, म्हणजे अ‍ॅड-ऑनमुळे, गडबड होते आहे असा संशय असेल, तर 'ट्रबलशूट मोड'मध्ये प्रोग्राम सुरू करायचा. त्यात सगळे विस्तार तात्पुरते बाजूला राहतात. तिथे नीट चालला तर संशय बळावतो.

या तीन उपायांना नवी डिस्क लागत नाही. मामांना पहिला उपाय पुरेसा होता.

*

आता स्थलांतर. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे घरोघरी जुने संगणक बदलले जात आहेत आणि ही प्रोफाइलची पेटी उचलायची वेळ अनेकांवर आली आहे.

प्रोग्राम बंद करा, मगच फोल्डर उचला. चालू प्रोग्रामच्या फायली अर्धवट लिहिलेल्या असू शकतात आणि अशी नक्कल नंतर उघडताना दगा देते. उचलायचा तो अख्खा फोल्डर. 'फक्त मेल हवेत' म्हणून निवडायला बसलात, तर नेमकं काहीतरी मागे राहतं. साठवलेले पासवर्ड दोन फायलींत मिळून असतात. एकीत कुलूपबंद पासवर्ड, दुसरीत त्या कुलपाची किल्ली. एकच नेली तर हाती काही लागत नाही.

पेनड्राइव्हची जात बघा. बरेच पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीचे असतात आणि त्यांच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. मामांचा इनबॉक्स तेवढा फुगला होता. नक्कल मध्येच थांबते, एक खिडकी येते, घाईत आपण ती बंद करतो, आणि बाकीचं सगळं पोचतं पण इनबॉक्स पोचत नाही. ड्राइव्ह 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' पद्धतीचा करून घ्या.

नव्या संगणकावरचा प्रोग्राम जुन्याइतका किंवा त्याहून पुढच्या आवृत्तीचा हवा. मागच्या आवृत्तीने पुढचं प्रोफाइल उघडायला गेलात, तर तो नकार देतो आणि नवं कोरं प्रोफाइल तयार करा म्हणतो. हा नकार तुमच्या भल्याचा आहे. आवृत्ती वाढवा, दार उघडेल.

आणि ज्या पेनड्राइव्हवर प्रोफाइल आहे, तो किल्ल्यांचा जुडगा आहे हे विसरू नका. 'प्रायमरी पासवर्ड' लावलेला नसेल, तर तो फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचे सगळे साठवलेले पासवर्ड वाचता येतात. फायरफॉक्समध्ये याच सोयीला २०२० पर्यंत 'मास्टर पासवर्ड' म्हणत. नक्कल करण्याआधी तो लावा, लक्षात ठेवा, काम झाल्यावर ड्राइव्ह पुसा. जुना संगणक विकताना त्यातली डिस्क आपल्याजवळ ठेवा.

*

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे ते.

मेल येत नाही, संकेतस्थळ उघडत नाही, पडद्यावर इशारा दिसतो. समोरचा माणूस दोन मिनिटांत सेटिंगमध्ये शिरतो, काहीतरी उतरवतो, आणि म्हणतो, "झालं." काय उतरवलं ते सांगत नाही. कुठे लिहूनही ठेवत नाही. वर्षानुवर्षं ते तसंच राहतं.

बहुतेक वेळा उतरवलेलं असतं ते कुलूप. तुमच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंतचा मजकूर बंदिस्त ठेवणाऱ्या पद्धतीला 'टीएलएस' म्हणतात. तिची १.० आवृत्ती १९९९ ची, १.१ आवृत्ती २००६ ची. दोन्ही कमकुवत ठरल्या आणि २०२० च्या मध्यावर आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स आणि थंडरबर्डने त्या बंद केल्या. मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेनेही त्यांना अधिकृत निरोप दिला. तरी जुना सर्व्हर चालवणारी एखादी कंपनी स्वतःचं कुलूप बदलण्याऐवजी गिऱ्हाइकाला सांगते, तुमच्या सेटिंगमधला किमान टीएलएस आवृत्तीचा आकडा ३ वरून १ वर आणा. तो आकडा एका खात्यापुरता नसतो. त्या प्रोग्रामातल्या प्रत्येक खात्याला ती सूट लागू होते. एका गंजलेल्या दारासाठी अख्ख्या घराच्या कड्या सैल होतात.

कुणी म्हणेल, बनवणाऱ्यांनीही हेच केलं होतं. खरं आहे. मार्च २०२० मध्ये फायरफॉक्सने ही जुनी कुलपं बंद केली आणि लगेच परत चालू केली, कारण कोविडची माहिती देणारी काही सरकारी संकेतस्थळं अजून जुन्याच पद्धतीवर होती. पण त्यांनी कारण जाहीर केलं, तात्पुरतं आहे असं सांगितलं आणि काही महिन्यांत कडी पुन्हा लावली. सूट द्यायची तर अशी द्यावी. सांगून, लिहून, परत घेण्याच्या बोलीवर.

'पासवर्ड चुकीचा आहे' या तक्रारीचंही असंच. ३० मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी नेहमीचा पासवर्ड देऊन दुसऱ्या प्रोग्रामांना आत घेणं थांबवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या वैयक्तिक मेल खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून हाच नियम आणला. अशा वेळी खात्याच्या सेटिंगमध्ये ओळख पटवण्याची पद्धत 'ओऑथ२' करायची आणि थंडरबर्डमध्ये कुकीज चालू ठेवायच्या. कुकीज बंद असतील तर प्रवेशाची खिडकी पुढे सरकत नाही. हा साधा उपाय बाजूला राहतो आणि लोक पासवर्ड दहादा बदलत बसतात.

आणि एक उदाहरण, जे मी अनेक घरांत पाहिलं आहे. प्रत्येक संकेतस्थळावर 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. घरचे 'धोका मान्य' म्हणत पुढे जातात, बँकेच्या पानावरसुद्धा. कारण बघितलं तर संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, आणि वीज गेली की घड्याळ मागे जातं. सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते. मागच्या तारखेच्या संगणकाला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं दिसतं. एवढासा सेल बदलायचा होता. त्याऐवजी त्या घराला इशारा न वाचता पुढे जायची सवय लागली. ती सवय कुठल्याही विषाणूपेक्षा महाग पडते.

*

घाईची किंमत दाखवणारा एक दिवस नोंदला गेला आहे, ४ मे २०१९. फायरफॉक्सच्या विस्तारांवर सही करणाऱ्या साखळीतलं एक प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि जगभर लोकांचे विस्तार एकदम बंद पडले. चूक बनवणाऱ्यांची होती. त्यांनी लगेच सांगितलं की विस्तार काढून परत टाकू नका, कारण काढला की त्याच्यात साठवलेली माहिती जाते. तात्पुरता इलाज त्याच दिवशी निघाला, दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती आली. थांबलेल्यांपैकी बहुतेकांचं काही गेलं नाही. ज्यांनी काढून परत टाकले, त्यांच्या त्या विस्तारांतल्या नोंदी आणि सेटिंग गेल्या.

*

म्हणून संगणक कुणाच्याही हाती देताना तीन प्रश्न विचारा. प्रोफाइलची नक्कल घेतलीत का? ती उघडून दाखवता का? कुठली सुरक्षा सेटिंग बदललीत, लिहून देता का? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पाकीट उघडू नका. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. तो खूश होतो, कारण त्याच्या मेहनतीचा हा न दिसणारा भाग कुणी कधी विचारतच नाही.

मामांचं प्रोफाइल नव्या डिस्कवर बसलं. मुलीचा तो मेल उघडला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून एक वही घेऊन आले. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. तो क्रमांक वहीत नसेल, तर पुस्तक कपाटात असूनही हरवलेलंच. मामांनी नव्या पानावर तारीख घातली, चष्मा सारखा केला आणि पडद्यावर बघत ती आठ अर्थहीन अक्षरं एकेक करून उतरवून घेतली.