टाकीखालचा माणूस

इब्रामपूरला टाकीकरांकडे गेलात तर 'जीप कशी आहे?' असं विचारायचं नाही. 'खाली कशी आहे?' असं विचारायचं. मग खुर्ची मिळते, चहा येतो, आणि कपातला शेवटचा घोट संपायच्या आत तुम्ही अंगणात उताणे पडून, शर्टाला लाल माती फासून घेत, टॉर्चच्या उजेडात ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा बघत असता. वरून आवाज येतो, "दिसलां? कायच दिसूंक ना न्हय?" काहीच दिसलं नाही, हेच बघायला तुम्हाला खाली घातलेलं असतं.

टाकीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. पण ज्या पेडणे तालुक्यात चांदेलचा तो चांदेलकर नि वारखंडचा तो वारखंडकर, तिथे माणूस जिथे सगळ्यात जास्त वेळ काढतो त्या जागेवरून गावाने त्याला ओळखलं, तर गावाचं काय चुकलं?

जीप महिंद्राची, सीजे-थ्रीबी. मूळ मॉडेल अमेरिकेतल्या विलिज कंपनीचं, १९५३ सालचं. नव्या इंजिनाची झडप वर गेली, ते इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून कंपनीने बॉनेटच उंच केलं. ते उंच नाक आपल्याकडे महिंद्रांनी पुढे कित्येक वर्षं मिरवलं. नंबर गोवा, दमण नि दीव एकत्र होते तेव्हाचा, जीडीने सुरू होणारा. उमेदीची वर्षं तिने डिचोलीकडच्या खाणींवर काढली. मग काही काळ दोडामार्गच्या वाटेवर माणसं वाहिली. किती, ते त्या वेळच्या पोलिसांनीही मोजलं नाही. आता ती टाकीकरांकडे निवृत्त आहे. निवृत्त म्हणजे टाकीकर. जीप तर नुसती उभी असते.

हिची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या थेट बुडाखाली. तळाच्या पत्र्यात खोलगट हौद केलेला, त्यात ती बसवलेली, पट्ट्यांनी आवळलेली. चाळीसेक लिटर मावतात, म्हणजे तीस किलोंच्या आसपास नुसतं पेट्रोल. चिऱ्याच्या खाणीतल्या रस्त्यावर ते डुचमळतं, टाकी हौदात घासते, रंग निघतो. रंग निघाला की पुढचं काम पावसाचं. पेडण्यात तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि पडायचा थांबला की हवेत राहतो. म्हणून टाकीखाली काहीतरी मऊ हवं. इथवर कोणत्याही मेस्त्रीला कळतं. ते मऊ काय असावं, यात टाकीकरांचं आयुष्य गेलं.

आधी त्यांनी गोणपाट घातलं. गोणपाट पाणी पितं आणि सोडत नाही. मग गोणपाट डांबरात बुडवून घातलं. डांबरावर पाण्याचं काही चालत नाही, पण पेट्रोलचं चालतं. पंपावरच्या पोराने टाकी ओसंडून भरली की डांबर विरघळायचं आणि काळे ओघळ चेसिसवर यायचे. तिसऱ्या पावसाळ्याला ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या. ते रबर पेट्रोल लागून फुगलं, आणि पट्टी जागा सोडून हौदाच्या भोकावर जाऊन बसली. या भोकांवर टाकीकर अर्धा तास बोलू शकतात. आत आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून कंपनीने ती ठेवलेली. लोक मात्र ती चिखलाने बुजू देतात आणि वर 'गाडी सडली' म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

नंतर आला खाणीवरचा पट्टा. खाणीवरून निघालेल्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे डिचोली-पेडण्यात कशालाही वापरतात. टाकीकरांनी तो कापला आणि कापलेली कड माझ्या नाकाशी धरली. "हांगा पळय." वर रबर, खाली रबर, मधे कापडाचे थर, आणि कडेला त्या कापडाचे दोरे उघडे पडलेले. "वातीसारखें पाणी भितर वोडटा," ते म्हणाले आणि पंक्चरवाल्याकडचं सोलुशन बोटावर घेऊन सगळ्या कडा बंद करत बसले. एक कड, वाळू द्यायची, पुन्हा एक हात. दुपारचं जेवण दोनदा गरम झालं.

त्यांचा सिद्धान्त असा, की गंज पाण्याने येत नाही, अडकलेल्या पाण्याने येतो. उघड्यावरचा पत्रा भिजतो नि वाळतो. पट्टी आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत मात्र पाणी राहतं, हवा पोचत नाही, आणि हवा कमी पोचते तिथलाच पत्रा आधी खाल्ला जातो. म्हणजे गंजापासून वाचवायला घातलेली गादीच गंजाचं घर. हे शास्त्राला धरून आहे. पंचाईत एवढीच, की टाकीकर ते सगळीकडे लावतात. जावयाची बदली अडली: "खंय तरी पाणी आडकलां." ग्रामसभा तहकूब झाली: "भोक बुजलां."

त्यावरचा त्यांचा उतारा म्हणजे अखंड गादी घालायचीच नाही. सुट्या पट्ट्या, मधे बोटभर वाट, सगळ्या भोकाकडे उतरत्या. गंजावर फॉस्फरिक ॲसिड, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात, पट्टी टाकीला चिकटवलेली, आणि हे सगळं दर वर्षी मिरगाआधी टाकी काढून तपासायचं. काढली की पुन्हा लावताना एखादी पट्टी हलते, रंगाला चरा पडतो, म्हणून पुढच्या वर्षी काढावीच लागते.

एकदा टाकीला सुईएवढं भोक पडलं. वेल्डिंगवाल्याने ती दुकानात घेतली नाही. "भरलेली आसली जाल्यार येक वेळ चलता, रिती नाका," म्हणाला. बरोबर बोलला. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ नि हवा उरते आणि ठिणगी लागताच दुकान वर जातं. ती धुऊन, पाण्याने काठोकाठ भरून, जेवढ्यास तेवढी जागा कोरडी ठेवून झाळावी लागते. टाकीकर हे ऐकून खूश झाले. टाकीला मान देणारा दुसरा माणूस त्यांना तालुक्यात भेटला होता. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, ते पाणी ओढतं, म्हणजे आता गंज आतूनही येणार, हे कळल्यावर त्यांचा चेहरा दिवाळीतल्यासारखा उजळला. आत बघायला त्यांनी डेंटिस्टचा आरसा मिळवला.

२०१९ च्या ऑगस्टात तिळारी धरणाचं पाणी नदीला आलं आणि काठच्या गावांत शिरलं. लोक भाताची कणगी, गुरं, टीव्ही वर चढवत होते. टाकीकरांनी जीप चिऱ्यांवर चढवली. पाणी त्यांच्या अंगणापर्यंत आलंच नाही. जीप दिवाळीपर्यंत चिऱ्यांवर राहिली, कारण खालून दिसायला ते फार सोयीचं होतं.

घरात, माजघरात एक लोखंडी कपाट आहे. दर पावसाळ्यात त्याच्या पायांना गंज चढतो आणि साड्यांना तांबडे डाग पडतात. टाकीकरकाकी एकदा म्हणाल्या, "अहो, त्या पट्ट्यातलो येक तुकडो ह्या कपाटाच्या पायांक तरी घालात."

टाकीकरांनी जरा विचार केला. "तें कपाट खंय धांवता? घासतलें कशें?"

जीप तरी कुठे धावते, हे काकी बोलल्या नाहीत. पावसात चिखल म्हणून नाही, उन्हाळ्यात धूळ म्हणून नाही. उरलेल्या दिवसांत ती दोडामार्गला जाते. प्रायमर आणायला.

परवा पुतण्याने नवी गाडी आणली, मोपाच्या विमानतळावर भाडी मारायला. नारळ फुटला, पेढे वाटले. टाकीकर पेढा तोंडात ठेवूनच गाडीखाली शिरले. बराच वेळ दोन चपला तेवढ्या बाहेर दिसत होत्या.

"काका," पुतण्या वाकून म्हणाला, "टाकी प्लॅस्टिकची. तिका गंज येवचो ना."

खाली शांतता. काकी पेढ्यांचं ताट घेऊन तिथेच थांबल्या. मग टॉर्चचा उजेड हलला आणि खालून आवाज आला, अगदी समाधानाचा:

"टाकीक येवचो ना. पट्टे लोखंडाचे आसात. मिरगाआदीं गाडी हाड."