नंबरांचा सुकाळ

रायपूरकरांचे भाग्य थोर. संकटात त्यांना नुसती मदत नव्हे, निवडीचे स्वातंत्र्यही मिळते. अपघाताला 108, बाळंतपणाच्या कळांना 102, आरोग्याच्या सल्ल्याला 104. बाईवर हात उगारला तर 181, मूल अडचणीत असेल तर 1098. मन खचले तर ‘टेलि-मानस’चा 14416, खचलेल्या माणसालाही पाच आकडे आठवतात, हा 2022 पासूनचा राष्ट्रीय विश्वास.

2018 मध्ये या वैभवावर कळस चढला. ‘एक्के नंबर, सब्बो बर’ म्हणत 112 आला. सगळ्यांसाठी एकच नंबर! म्हणजे अर्थातच आणखी एक.

कोत्या मनाचे लोक याला गोंधळ म्हणतात. वास्तविक यातून शिस्त लागते. कोसळण्यापूर्वी आपले दुखणे कोणत्या खात्याचे, हे नागरिकाने ठरवायला नको? गरोदर बाईला अपघात झाल्यास तिने प्राधान्यक्रम लावावा. आता योग्य नंबर सुचवणारा एक स्वतंत्र नंबर तेवढा काढावा, आणि तो विसरणाऱ्यांसाठी दुसरा.

अत्याचारपीडित महिलांसाठीचे देशातले पहिले ‘सखी’ केंद्र 2015 मध्ये रायपुरातच उघडले. पोलीस, वकील, उपचार, निवारा, सारे एका छताखाली. फोनच्या बाबतीत ही घाई टाळली गेली.

वाचकांनी तूर्त 112 पाठ करावा. बाकीचे प्रकृती ठणठणीत असताना.